भरून आलेल्या जखमेची तपासणी

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रंगखात्यात काम करतो. दिवाळीच्या आधी मालाच्या कामासाठी परगावी गेलो होतो, तेव्हा एका अनोळखी स्त्रीशी माझा संबंध आला. निरोध वापरला नव्हता. तीन-चार आठवड्यांनी लिंगावर एक जखम झाली. ती दुखत नव्हती. मेडिकलमधून मलम आणि पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या. महिन्याभरात जखम भरली. पुढे संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास तळहातांवर आणि तळपायांवर तांबूस डाग उठले, बारीक तापही होता. रंगाच्या केमिकलमुळे झाले असेल असे वाटले आणि तेही आपोआप गेले. आता मला काहीच त्रास नाही. माझी पत्नी पाच महिन्यांची गरोदर आहे. जानेवारीच्या अखेरीस महापालिकेच्या दवाखान्यात तिची नोंदणी झाली, तेव्हा रक्ताच्या तपासणीत व्हीडीआरएल निगेटिव्ह आले होते. म्हणजे मलाही काही नाही असे समजायचे का? आता तिथल्या सिस्टर नवऱ्याचेही रक्त तपासून घ्या म्हणतात. मी दुसऱ्या नावाने खासगी लॅबमध्ये तपासणी केली तर चालेल का? आणि काही निघालेच, तर पत्नीला न सांगता तिला औषध देता येईल का? आम्ही पूर्व भागात राहतो, घरात आई, भाऊ, भावजय सगळे आहेत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : नमस्कार. आधी थोडक्यात सांगते आणि मग कारणे देते. तुमचे रक्त याच आठवड्यात तपासले गेले पाहिजे आणि ते तुमच्या स्वतःच्या नावानेच तपासले गेले पाहिजे. पत्नीचा जुना रिपोर्ट तुमच्यासाठी पुरावा होऊ शकत नाही, आणि आज तो तिच्यासाठीही पुरेसा नाही; तिचे रक्त पुन्हा तपासावे लागेल. तिला न सांगता औषध देणे शक्य नाही, आणि शक्य असते तरी मी तसा सल्ला दिला नसता. पत्रावरून कोणत्याही आजाराचे निदान करता येत नाही, हे मान्य करूनही असे म्हणते की, तुम्ही ज्या क्रमाने ज्या गोष्टी लिहिल्या आहेत त्या वाचून कोणत्याही त्वचा व गुप्तरोगतज्ज्ञाच्या मनात पहिले नाव सिफिलिसचे येईल. उपदंश किंवा बोलीभाषेत गरमी म्हणतात तो हाच आजार. तो पूर्ण बरा होतो, त्याचे औषध स्वस्त आहे आणि सरकारी रुग्णालयात विनामूल्य मिळते. मात्र तपासणी लांबली तर त्याची किंमत तुमच्यापेक्षा तुमच्या होणाऱ्या बाळाला अधिक मोजावी लागेल, म्हणून हे उत्तर काहीसे सविस्तर लिहीत आहे.

जननेंद्रियावरची जखम दुखत नसली की माणूस निर्धास्त होतो, आणि सिफिलिसमध्ये फसगत होते ती इथेच. या आजाराचे जंतू शरीरात शिरल्यानंतर साधारण तीन आठवड्यांनी, कधी दहा दिवसांनी तर कधी अगदी नव्वद दिवसांनी, ज्या जागेतून ते शिरले त्याच जागी एक व्रण उमटतो. बहुधा तो एकच असतो, त्याची कड बोटाला कठीण लागते, तळ स्वच्छ असतो, आणि दाबले तरी फारसे दुखत नाही. जांघेत अवधाण, म्हणजे गाठ, येते, पण तेही ठणकत नाही. याउलट हर्पिसमध्ये लहान लहान पाणीदार फोडांचा पुंजका येतो, त्याची आग होते, आणि तो पुन्हा पुन्हा उमटतो. परम्यात (गनोरियात) जखम नसून लघवीच्या वाटे पू येतो आणि लघवी करताना जळजळ होते. तुमच्या पत्रात जळजळ नाही, पू नाही, फोड नाहीत. न दुखणारी एकच जखम आहे आणि तीही संबंधानंतर तीन-चार आठवड्यांनी झालेली आहे. स्त्रियांमध्ये हाच व्रण योनीच्या आत किंवा गर्भाशयाच्या मुखावर होतो, तिथे तो दिसत नाही आणि दुखत नसल्याने जाणवतही नाही. त्यामुळे एखाद्या बाईला हा आजार झाल्याचे तिला स्वतःला कळेलच असे धरून चालणे चूक आहे.

आता तळहातांवरच्या आणि तळपायांवरच्या डागांविषयी. रंगखात्यातील कामगारांना रसायनांमुळे त्वचेचे विकार होतात हे खरे आहे आणि सोलापुरात असे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो, म्हणून तुमचा तर्क अगदीच निराधार होता असे मी म्हणणार नाही. परंतु रंगाची किंवा सोड्याची ॲलर्जी झाली की त्वचेला प्रचंड खाज सुटते. ती बोटांच्या बेचक्यांत, हाताच्या पाठीवर, मनगटावर, म्हणजे जिथे द्रावण लागते आणि साचते तिथे दिसते. त्वचा फुटते, पाणी सुटते, आणि सुट्टीत चार दिवस घरी राहिले की उतार पडतो. सिफिलिसच्या दुसऱ्या अवस्थेतील डाग तांबूस किंवा तपकिरी असतात, त्यांना सहसा खाज नसते, आणि ते तळहातांबरोबरच तळपायांवरही उठतात, जिथे रंगाच्या पाण्याचा तसा संपर्क येण्याचे कारण नसते. त्यांच्यासोबत बारीक ताप, घसा दुखणे, अंग मोडून येणे, मानेतील व काखेतील गाठी सुजणे, डोक्याचे केस ठिकठिकाणी विरळ होणे, तोंडात किंवा गुदद्वाराजवळ ओलसर पांढुरके चट्टे येणे, यांपैकी काही असू शकते. ही अवस्था पहिल्या जखमेनंतर काही आठवड्यांपासून दोन-तीन महिन्यांपर्यंत केव्हाही येते. तुमची जखम दिवाळीच्या आसपासची आणि डाग संक्रांतीच्या सुमाराचे. हे अंतर त्या हिशेबात बसते. डागांना खाज होती की नाही हे तुम्ही लिहिलेले नाही. डॉक्टरांना ते आठवून सांगा, आणि त्या वेळी मोबाइलवर एखादे छायाचित्र काढले असेल तर तेही दाखवा.

जखमही गेली आणि डागही गेले, मग आजार कुठे राहिला, असा प्रश्न तुमच्या मनात येईल. सिफिलिसचा जंतू, ट्रेपोनेमा पॅलिडम, मळसूत्रासारखा बारीक असतो आणि जखम दिसू लागण्याआधीच रक्तातून सर्वांगात पसरलेला असतो. पहिला व्रण औषध न घेताही तीन ते सहा आठवड्यांत भरून येतो. दुसऱ्या अवस्थेतील डागही औषधाविना मावळतात. त्यानंतरचा काळ सुप्तावस्थेचा असतो. बाहेर काहीही दिसत नाही, माणूस कामावर जातो, जेवतो, झोपतो, आणि रक्ताची तपासणी सोडली तर आजार ओळखण्याचा दुसरा मार्ग उरत नाही. काहींमध्ये पहिल्या वर्षभरात डाग पुन्हा उमटतात. उपचार न झालेल्या काही रुग्णांमध्ये कित्येक वर्षांनी हृदयाची महाधमनी, मेंदू आणि मज्जारज्जू यांना इजा होते. डोळे, कान आणि मज्जासंस्था यांना मात्र आरंभीच्या काळातही धोका पोहोचू शकतो. म्हणून दृष्टी अंधुक झाली, कानात आवाज येऊ लागला, ऐकू कमी येऊ लागले किंवा डोकेदुखी थांबेनाशी झाली, तर एक दिवसही न थांबता रुग्णालयात जावे.

मेडिकलमधून घेतलेल्या गोळ्यांबद्दल मला विशेष काळजी वाटते. काउंटरवर गुप्तभागाची जखम सांगितली की बहुतेक वेळा एखादे प्रतिजैविक आणि स्टेरॉईड मिसळलेले मलम हातात पडते. मलमाने वरची लाली उतरते, आत काहीच होत नाही. गोळ्यांचे म्हणाल तर, अपुरे प्रतिजैविक आजार बरा न करता त्याची लक्षणे पुसट करू शकते, आणि मग पुढे डॉक्टरांनाही तो ओळखणे अवघड जाते. त्या गोळ्यांची रिकामी पट्टी किंवा बिल असेल तर सोबत न्या. नसेल तर निदान गोळीचा रंग, आकार आणि किती दिवस घेतली ते सांगा. भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींमधून ‘सर्व गुप्तरोगांवर खात्रीशीर इलाज’ करणाऱ्यांकडे कृपया जाऊ नका. रक्त न तपासता हजारो रुपयांचे चूर्ण आणि तेल विकणाऱ्या अशा ठिकाणांहून परतलेली आणि वर्ष वाया गेलेली माणसे माझ्यासमोर बसतात, तेव्हा फार वाईट वाटते.

पत्नीच्या रिपोर्टवर तुम्ही जो भरवसा ठेवला आहे, त्याकडे वळते, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत नाजूक जागा तीच आहे. तिची व्हीडीआरएल, म्हणजे सिफिलिससाठीची रक्ताची तपासणी, निगेटिव्ह आली याचा अर्थ एवढाच की, जानेवारीच्या अखेरीस तिच्या रक्तात त्या तपासणीला सापडतील इतकी प्रतिद्रव्ये (आजाराविरुद्ध शरीर तयार करते ते घटक) नव्हती. हा आजार प्रत्येक संबंधातून लागतोच असे नाही, म्हणून तुम्हाला आजार असूनही तिचा रिपोर्ट निगेटिव्ह येणे सहज शक्य आहे. तिचे रक्त हा तुमच्या रक्ताचा जामीन नव्हे. दुसरे असे की, जंतू शरीरात शिरल्यापासून व्हीडीआरएल पॉझिटिव्ह येईपर्यंत साधारण सहा आठवडे, कधी त्याहून अधिक काळ जातो. तुमच्या अंगावर डाग होते तो काळ आणि तिच्या तपासणीचा काळ जवळजवळ एकच आहे. डागांच्या अवस्थेत हा आजार सर्वाधिक संसर्गजन्य असतो. त्या दिवसांत किंवा त्यानंतर तिला लागण झाली असेल, तर जानेवारीच्या रक्तात ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणूनच गरोदरपणात ज्या स्त्रीला लागण होण्याची शक्यता आहे तिची तपासणी एकदा करून थांबत नाहीत. सातव्या-आठव्या महिन्यात आणि प्रसूतीच्या वेळी ती पुन्हा करतात. तुमच्या बाबतीत मात्र सातव्या महिन्याची वाट पाहू नये, ती आत्ताच करावी. सिस्टरांनी तुमचे रक्त तपासण्याचा आग्रह धरला तो योग्यच आहे आणि त्यांनी तो सोडला नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

गरोदर स्त्रीला सिफिलिस झाला तर जंतू वारेतून गर्भापर्यंत पोहोचू शकतात, आणि लागण जितकी ताजी तितकी ही शक्यता मोठी असते. उपचार न झाल्यास गर्भपात होणे, बाळ पोटातच दगावणे, दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे जन्मणे, जन्मानंतर लवकरच मृत्यू येणे, असे सगळे होऊ शकते. काही बाळे जन्मतः अगदी धडधाकट दिसतात आणि काही आठवड्यांनी त्यांच्या अंगावर पुरळ येते, नाक सतत वाहते, कावीळ होते, यकृत व प्लीहा वाढतात. काहींमध्ये हाडे, दात, डोळे आणि कान यांच्यावरचे परिणाम पुढे कित्येक वर्षांनी प्रकट होतात. हे वाचून तुम्ही घाबराल, याची मला जाणीव आहे. परंतु आईला वेळेत पेनिसिलिन मिळाले तर बाळाचा आजार बहुतांशी टाळता येतो, आणि गर्भातील बाळालाही त्याच इंजेक्शनने उपचार मिळतो. प्रसूतीच्या किमान तीस दिवस आधी तरी उपचार सुरू झालेला असावा असा दंडक आहे; जितके लवकर तितके चांगले. तुमच्या पत्नीला पाचवा महिना चालू आहे, म्हणजे वेळ हातात आहे.

तपासणी स्वतः अगदी साधी आहे. दंडातील शिरेतून थोडे रक्त घेतात. उपाशीपोटी जाण्याची गरज नसते. दोन प्रकारच्या चाचण्या असतात आणि त्यांचा फरक समजून घेतला तर रिपोर्ट हातात पडल्यावर गोंधळ होत नाही. व्हीडीआरएल किंवा आरपीआर ही पहिली चाचणी आजार सध्या कितपत सक्रिय आहे याचा अंदाज देते. ती पॉझिटिव्ह आली तर तिच्यापुढे १:८, १:१६, १:३२ असा आकडा लिहिलेला असतो. रक्त इतक्या पट पातळ केले तरी प्रतिक्रिया दिसली, असा त्याचा अर्थ. हा आकडा मोठा तितकी प्रतिद्रव्ये अधिक. १:२ किंवा १:४ असा लहान आकडा मात्र दुसऱ्या कारणांनीही येऊ शकतो. गरोदरपण, मलेरिया, कुष्ठरोग, संधिवाताच्या जातीचे काही आजार यांत व्हीडीआरएल खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणून टीपीएचए नावाची किंवा तिच्या जातीची दुसरी चाचणी करतात, जी खास सिफिलिसच्या जंतूविरुद्धची प्रतिद्रव्ये शोधते. दोन्ही पॉझिटिव्ह असतील आणि पूर्वी कधी उपचार झालेला नसेल, तर निदान पक्के होते. बोटाला टोचून वीसेक मिनिटांत निकाल देणारी कार्डाची जलद चाचणीही आरोग्य केंद्रांत असते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढे व्हीडीआरएलचा आकडा काढावा लागतो. टीपीएचए बहुतेकांमध्ये उपचारानंतरही आयुष्यभर पॉझिटिव्ह राहते, याचा अर्थ आजार कायम आहे असा होत नाही. हे न कळल्यामुळे काही लोक बरे झाल्यावरही वर्षानुवर्षे धास्तावलेले राहतात. आणखी एक बारकावा असा की, प्रतिद्रव्ये अतिशय जास्त असताना, विशेषतः दुसऱ्या अवस्थेत, पातळ न केलेल्या रक्तात व्हीडीआरएल क्वचित खोटी निगेटिव्ह दिसते. त्यामुळे तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तरी तो घेऊन घरी न जाता डॉक्टरांना दाखवा आणि जखमेची व डागांची हकीकत सांगा. गरज वाटल्यास ते नमुना पातळ करून पुन्हा तपासायला किंवा टीपीएचए करायला सांगतील.

कुठे जायचे, तर आपल्या सिव्हिलमध्ये, म्हणजे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न असलेल्या श्री छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात त्वचा व गुप्तरोग विभाग आहे. सकाळी केसपेपर काढताना ‘स्किन’ एवढेच सांगितले तरी पुरते; रांगेत कोणाला कारण सांगण्याची आवश्यकता नाही, कारण तिथे गजकर्ण, खरूज आणि मुरमांचे रुग्णही तुमच्याच सोबत उभे असतात. लैंगिक आजारांसाठी राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमांतर्गत शासकीय रुग्णालयांमधून सुरक्षा क्लिनिक चालवली जातात. तिथे समुपदेशक असतात, दार बंद करून बोलतात, आणि तपासणी व औषधे यांचे पैसे घेत नाहीत. जाण्याआधी कोणाशी बोलावेसे वाटले तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा विनाशुल्क क्रमांक आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही.

खासगी लॅबमध्ये तपासणी करण्यास माझी हरकत नाही. हरकत आहे ती खोट्या नावाला. सिफिलिसमध्ये एका रिपोर्टवर काम संपत नाही. उपचारानंतर तुमचा आकडा १:३२ वरून १:८ वर, म्हणजे चौपटीने खाली आला की नाही हे पाहूनच उपचार लागू पडला असे म्हणता येते, आणि त्यासाठी पहिला व पुढचे रिपोर्ट एकाच नावाचे, एकाच प्रकारच्या चाचणीचे आणि शक्य तर एकाच लॅबमधील असावे लागतात. वेगवेगळ्या नावांचे कागद डॉक्टरांसमोर ठेवून काहीच सिद्ध होत नाही. शिवाय पत्नीच्या डॉक्टरांना तिच्या उपचाराचा निर्णय घेण्यासाठी तुमचा खरा रिपोर्ट लागणार आहे. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे हे डॉक्टरांचे आणि लॅबचे कर्तव्य आहे. कारखान्याला किंवा घरच्यांना कोणी परस्पर कळवत नाही.

त्याच भेटीत एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. सिफिलिसच्या जखमेमुळे एचआयव्हीची लागण होणे सोपे होते, आणि दोन्ही आजार एकाच वाटेने येतात. त्या संबंधाला आता जवळजवळ सहा महिने होत आले असल्याने निगेटिव्ह निकाल विश्वासार्ह मानता येईल. एचआयव्हीची तपासणी तुमच्या संमतीशिवाय करता येत नाही आणि तिची गुप्तता २०१७ च्या कायद्याने संरक्षित आहे. ‘ब’ प्रकारच्या कावीळीची चाचणीही सोबत होऊन जाईल.

निदान झाले तर उपचार काय, याचे उत्तर एका ओळीचे आहे: बेंझाथीन पेनिसिलिनचे २४ लाख युनिटचे इंजेक्शन. ते कमरेखाली, बहुधा दोन्ही बाजूंना अर्धे अर्धे देतात आणि ते दुखते, दोन दिवस बसताना जाणवते. आजार वर्षाच्या आतला असल्याची डॉक्टरांची खात्री पटली तर एकदाच, आणि काळ निश्चित नसेल तर आठवड्याच्या अंतराने तीन वेळा. पेनिसिलिनची ॲलर्जी पूर्वी कधी झाली असेल तर ते आधीच सांगा. तुमच्यासाठी डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्यांचा पर्याय आहे. पहिल्या चोवीस तासांत थंडी वाजून ताप येऊ शकतो. मोठ्या संख्येने जंतू मरताना शरीराची ती प्रतिक्रिया असते आणि ती एका दिवसात ओसरते. इंजेक्शननंतर किमान आठवडाभर, आणि पत्नीचा उपचार पूर्ण होईपर्यंत, संबंध टाळा. खरे तर आजपासूनच, रिपोर्ट येण्याआधीपासून टाळा. निरोधाने धोका कमी होतो, पण तो झाकत नाही अशा जागेवरच्या जखमेतून लागण होऊ शकते. भांडी, कपडे, संडास किंवा कारखान्यातील नळ यांमुळे हा आजार पसरत नाही, तेव्हा घरातील इतरांची काळजी करू नका.

पत्नीला न सांगता औषध देण्याबद्दल. तिच्यासाठी पेनिसिलिनखेरीज दुसरे औषध नाही, कारण गरोदरपणात गर्भापर्यंत खात्रीने पोहोचून त्याला बरे करते असे सिद्ध झालेले तेवढे एकच आहे. डॉक्सिसायक्लिन गरोदर स्त्रीला देत नाहीत. ॲझिथ्रोमायसिनवर बाळाच्या दृष्टीने विसंबता येत नाही. तिला पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तरीही रुग्णालयात दाखल करून, थोड्या थोड्या मात्रेने शरीराला सवय लावून, तेच औषध देतात. इंजेक्शन चहातून देता येत नाही; ते तिच्या संमतीने, रुग्णालयात आणि तिला पुढच्या चोवीस तासांत काय होऊ शकते हे समजावूनच द्यावे लागते, कारण त्या तापासोबत कळा आल्या किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तिने लगेच रुग्णालयात यायचे असते. ज्या स्त्रीला आपल्याला काय टोचले हेच ठाऊक नाही, ती हे कसे सांगणार? तुमचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि तिचा दुसरा रिपोर्टही निगेटिव्ह आला, तरी गेल्या तीन महिन्यांत तुमचा संबंध आलेला असल्यास खबरदारी म्हणून तिला इंजेक्शन देतात. तेव्हा तिला काहीच न कळता हे पार पडेल अशी वाट उरत नाही.

तुम्ही तिला स्वतः सांगावे, असे माझे स्पष्ट मत आहे. तिला हे आशाताईकडून, नातेवाइकांकडून किंवा केसपेपरवरच्या एखाद्या शब्दावरून कळणे फार क्रूर होईल. एकट्याने सांगण्याचे धैर्य होत नसेल तर सुरक्षा क्लिनिकच्या समुपदेशकासमोर सांगता येते. ते दोघांनाही आधी वेगवेगळे आणि मग एकत्र बसवतात. पूर्व भागातील पुष्कळ घरांप्रमाणे तुमच्या घरीही तेलुगू बोलत असतील तर तिला आजार, औषध आणि बाळाविषयीची माहिती तिच्या भाषेत समजेल अशी सोय मागून घ्या. दुभाषी म्हणून सासूबाईंना किंवा जावेला मात्र आत नेऊ नका. ती रागावेल, रडेल, कदाचित काही दिवस माहेरी जाईन म्हणेल. तो तिचा हक्क आहे. गेली तरी इंजेक्शनची तारीख चुकणार नाही एवढे मात्र तुम्ही पाहा. इंजेक्शन माहेरच्या गावातील शासकीय रुग्णालयातही मिळू शकते, फक्त केसपेपर आणि रिपोर्टच्या प्रती तिच्यापाशी असू द्या.

आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. आपल्याकडे गरोदर स्त्रीचे रक्त नेमाने तपासले जाते आणि पुरुषाचे सहसा तपासले जात नाही. परिणामी आजार पहिल्यांदा सापडतो तो तिच्या रक्तात, आणि ज्याच्या रक्तात सापडला त्यानेच तो आणला असे घर ठरवून मोकळे होते. निष्पाप बायकांना यापायी घराबाहेर काढलेले मी पाहिले आहे. तिचा पुढचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि घरात बोलणे निघाले, तर तो आजार तुमच्याकडून तिला लागला आहे हे तुम्ही आईसमोर आणि भावासमोर म्हणू शकाल का, याचा विचार आजच करून ठेवा. घरच्यांना कळवण्याची काहीच सक्ती नाही, आणि दोघांनी मिळून ते गुप्त ठेवायचे ठरवले तर उत्तमच. पण गोष्ट फुटलीच तर दोष तिच्या माथी येता कामा नये.

परगावच्या त्या स्त्रीशी संपर्क होऊ शकत असेल तर तिलाही तपासणी करून घेण्याचा निरोप द्या. तिला स्वतःला हा आजार असल्याचे ठाऊक नसण्याची शक्यता मोठी आहे.

उपचारानंतर तुमचे व्हीडीआरएल तीन, सहा आणि बारा महिन्यांनी पुन्हा तपासले जाईल. एकदा बरा झाला म्हणजे पुन्हा होत नाही असा हा आजार नाही. पुन्हा संसर्ग झाला तर तो पुन्हा होतो. पत्नीचा उपचार झाला तर प्रसूती शक्यतो सिव्हिलमध्ये किंवा बालरोगतज्ज्ञ उपलब्ध असलेल्या रुग्णालयात व्हावी, आणि आईला केव्हा व किती इंजेक्शने मिळाली त्याची नोंद तिच्या गरोदरपणाच्या कार्डावर लिहून घ्यावी, कारण बाळ जन्मल्यावर त्याचे रक्त आईच्या रक्ताशी ताडून पाहतात आणि बाळाला औषध द्यायचे की फक्त लक्ष ठेवायचे हे त्या नोंदीवरून ठरते. सिव्हिलमध्ये जाल तेव्हा जानेवारीचा तो रिपोर्ट आणि हे कार्ड सोबत घेऊन जा.